जॉन्सनव्हिलचे अथेन्सकर

माझ्या बायकोच्या मामांइतका सच्चा अथेन्सकर आमच्या अख्ख्या जॉन्सनव्हिल उपनगरात दुसरा नव्हता; खुद्द प्राचीन अथेन्समध्ये तरी होता की नाही, याची मला शंका आहे. मामा मूळचे पुण्याचे, पेशाने ड्रेनेजचे इंजिनिअर, आणि ग्रीसला एकदाही न गेलेले. पण जगातला प्रत्येक प्रश्न ग्रीकांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलाय, आपण फक्त वाचायचा आळस करतो, असं त्यांचं ठाम मत. बार्बेक्यूला गेले की यजमानाच्या देखत वाइनमध्ये तिप्पट पाणी ओतायचे आणि वर "निखळ पितात ते रानटी," असं सुनवायचे. ग्रीक लोक अनोळखी पाहुण्याला आधी जेवू घालत आणि मग नाव विचारत, म्हणून त्यांनी एकदा कुरिअरवाल्याला बशीभर पोहे खायला लावले. तो बिचारा इथल्या बोलीत "स्वीट अ‍ॅज, अंकल", म्हणजे 'झकास, काका', म्हणत खात राहिला. पोहे संपल्यावर कळलं, की पार्सल शेजारच्यांचं होतं.

२०१३ साली आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या हॉलवरून अध्यक्ष आणि चिटणीस यांच्यात जुंपली. सभा काही संपेना. तेव्हा मामांनी गाडीच्या डिकीतून फुटक्या कुंड्यांच्या खापरांची पिशवी आणली. अथेन्समध्ये म्हणे डोईजड झालेल्या माणसाचं नाव लोक खापरावर लिहायचे. ज्याची खापरं जास्त, त्याने दहा वर्षं गावाबाहेर राहायचं. घरदार शाबूत, अब्रू शाबूत. मंडळींनी हसत हसत मार्कर फिरवले. खापरं मामांनीच मोजली. निम्म्याहून अधिक खापरांवर "मामा" लिहिलेलं होतं.

मामाही हसले. "अथेन्सवाले मोठ्या माणसालाच घालवायचे बरं का!" म्हणाले. भांडण तिथेच मिटलं. सगळ्यांनी बटाटेवडे खाल्ले आणि विषय विसरून गेले.

मामा विसरले नाहीत. त्या गणपतीला मामी एकट्याच आत आल्या. मामा बाहेर कार पार्कमध्ये, गाडीत बसून. मी त्यांना बोलवायला गेलो.

"मामा, गंमत होती हो ती."

"तुमची असेल. नियम मी मांडला, जावईबापू. मीच मोडला तर त्याला काय किंमत?"

दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी आरतीच्या तोंडावर अध्यक्ष स्वतः उठले. मीही मागोमाग गेलो. भर वाऱ्यात गाडीपाशी उभं राहून त्यांनी काच खाली करायला लावली.

"मामा, अथेन्सवाल्यांनी कुणाला मुदतीआधी परत बोलावलं होतं का?"

"बोलावलं होतं की. इराणचं सैन्य चालून आलं तेव्हा."

"मग चला. मंत्रपुष्पांजली आमच्यात कुणालाच धड येत नाही."

मामांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग माझा दंड धरून हॉलकडे निघाले. दाराशी थांबून हळूच म्हणाले, "जावईबापू, त्या दिवशी तुम्ही कुणाचं नाव लिहिलं होतं?"

"अध्यक्षांचं," मी म्हणालो. साफ खोटं.

"मला वाटलंच," म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.

मामा आता ऑकलंडला लेकीकडे असतात. फोन केला की अथेन्स सुरू होतं. दर वेळी खरं सांगून टाकावंसं वाटतं. पण ते इतक्या आनंदात बोलत असतात, की मी नुसता हुंकार देत ऐकत राहतो.