थ्रॉटल फुल, इंजिन बंद

धावपट्टी समोर दिसतेय, आम्ही तिच्या आधीच जमिनीवर टेकणार असं वाटतंय आणि मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकललाय. काहीच होत नाहीये!

"काय करतेयस?" बाजूच्या सीटवरून सरांनी शांतपणे विचारलं.

"पॉवर देतेय सर!"

"कुठल्या इंजिनला? आत्ताच तू बंद केलंस ना?"

सरांनी पंखांवरचे एअरब्रेक मिटवले, विमान थोडं पुढे तरंगलं आणि आम्ही कुंपणाच्या जेमतेम आत टेकलो. उतरल्यावर सर हसत बसले. "कमर्शियल पायलट! मॅडम को पॉवर चाहिए!"

आधी सांगते हे काय प्रकरण आहे. मोटर ग्लायडर म्हणजे लांबलचक पंखांचं, छोट्या इंजिनचं विमान. इंजिनवर वर जायचं, मग इंजिन चक्क बंद करायचं आणि घारीसारखं तरंगायचं. माझ्याकडे लायसन्स होतं, जॉब नव्हता. सर एअरफोर्समधून रिटायर होऊन बदलापूरला राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी घाटापलीकडच्या छोट्या क्लबमध्ये शिकवायचे. जाताना मला अंबरनाथहून गाडीत घ्यायचे. मला वाटलं, लायसन्स आहे, दोन फेऱ्यांत जमेल. कसलं काय!

साध्या विमानात लँडिंगला जरा खाली आलात तर थोडी पॉवर देता, पोचता. माझ्या हाताला तीच सवय. इथे जमिनीजवळ आल्यावर इंजिन परत चालू करायला वेळच नसतो. मग करायचं काय, तर मुद्दाम उंच यायचं आणि जास्तीची उंची एअरब्रेकने घालवायची. एअरब्रेक म्हणजे पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्या. दांडा ओढला की विमान झपाझप खाली. उंची जास्त असेल तर घालवता येते. कमी असेल तर विकत मिळत नाही.

आणि मला घाई होती. माझं सगळं फ्लाइंग बाहेरच्या राज्यात झालं, पप्पांनी मला उडताना कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या रविवारनंतर क्लब बंद, कारण पावसात त्या पट्टीचा चिखल होतो. सरांचा नियम एकच, "इंजिन बंद करून नीट उतरून दाखव, मग पॅसेंजर."

पप्पा रोज विचारायचे, "काय गं, माझा नंबर लागला का?"

आमच्याकडे पुलाचा उतार लागला की अर्धं पब्लिक गाडी बंद करतं, पेट्रोल वाचतं म्हणून. मी तेच सुरू केलं! स्कूटी वर न्यायची, बंद करायची आणि बरोबर वडापावच्या गाडीसमोर थांबवायची. फक्त ब्रेक. पहिल्या दिवशी ब्रेक लवकर दाबला, आधीच थांबले आणि उजवा हात आपोआप अ‍ॅक्सिलरेटर पिळत होता! मागून रिक्षावाला ओरडला, "ए दीदी, पेट्रोल खतम? धक्का मारू काय?" आठवडाभर रोज हेच केलं. शेवटी शेवटी हात गप्प बसायला लागला.

रविवारी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आले. "जय भीम सर, पोरगी कशी चालवते?"

"जय भीम. आज कळेल," सर म्हणाले.

इंजिन बंद करून पहिलं लँडिंग बरं झालं. दुसऱ्याला मी इतकी उंच आले की पट्टी संपेल असं वाटलं. दांडा पूर्ण ओढला, थ्रॉटलकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पट्टीच्या मध्यावर अलगद टेकले. सर बेल्ट सोडून उतरले. "जा, पप्पांना बसव."

वर गेलो. पप्पा घाटाकडे बोट दाखवत खूश होते. मी इंजिन बंद केलं. नाकावरचा पंखा थांबला.

पप्पांचा चेहरा! आनंदनगर एमआयडीसीत उभं आयुष्य कॉम्प्रेसरच्या मेन्टेनन्सवर काढलेला माणूस. त्यांच्याकडे मशीन गप्प झालं म्हणजे सगळे दुरुस्तीला पळत सुटतात.

"ट्रिप झालं गं! बंद पडलं!"

"नाही पप्पा, मीच बंद केलंय."

"का??"

"असंच असतं यात."

"सरांना विचारलंस का?"

मी इतकी हसले की विमानाचं नाक सरळ ठेवता येईना. पप्पा दोन्ही हातांनी बेल्ट धरून बसले. हळूहळू एक हात सुटला. मग दुसरा. बाहेर फक्त वाऱ्याची हलकी शीळ.

"चालू करू का परत?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "कानाला बरं वाटतंय."

आम्ही तसेच उतरलो, कुंपणापासून बरेच आत.

तर लायसन्सवाल्यांनो, मोटर ग्लायडर शिकताना इंजिन बंद असेल तर थ्रॉटलला हात लावू नका. आणि बंद करायच्या आधी शेजारच्याला सांगा. खासकरून तो मेन्टेनन्सवाला असेल तर.