रामाच्या तसबिरीतला फोटो

चंदनाच्या उदबत्तीचा वास आला की मला ताईचं गुरसराय गावातलं सासर आठवतं. तिच्या लग्नात आई-बाबांचा नि माझा फोटो भेट द्यायचा ठरला, पण आमच्या मानिक चौकातल्या दुकानातली नवी फ्रेम काही परवडेना. मग आईने देवघरातली रामाची तसबीर उतरवली. देव बाहेर काढवेना, म्हणून काचेआड त्याच्यावरच फोटो बसवला. पुढे मी भेटायला गेले, तर ताई त्या फोटोला उदबत्ती ओवाळत होती. तिच्या सासूबाई घाबरून म्हणाल्या, "अरे बहू, जिंदा लोगों की पूजा?" ताई हसली, "अम्माजी, पीछे रामजी बैठे हैं." आता आई-बाबा नाहीत. ताई अजूनही रोज ओवाळते, फक्त ओवाळताना फोटोतल्या माझ्या चेहऱ्यावर तळहात धरते.