सांडव्यावरची जाळी

बटरनट तळ्याच्या बांधाची देखभाल व्हर्ना होल्टकॅम्पच्या गळ्यात पडली ती तिच्या तोंडामुळे. तळ्याकाठच्या घरांची वर्षाची सभा होती. सगळे ताटात बटाट्याचं सॅलड वाढून घेत होते, तेव्हा तिने नुसतं विचारलं, "काय हो, या बांधाकडे बघतं कोण?" झालं. विचारेल त्याच्याच गळ्यात लोढणं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा सॅलडकडे वळले.

तळं बांधून भोवतीच्या जागा विकणारा माणूस कधीच देवाघरी गेला होता. मागे तळं राहिलं ते काठावरच्या सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं असतं ते कोणाचंच नसतं. लोक त्यात पोहायचे, होड्या फिरवायचे, गळ टाकून दिवसभर बसायचे. पण ते पाणी ज्याच्या जिवावर उभं होतं तो मातीचा बांध साठीचा झाला होता, आणि म्हाताऱ्याला कसं आहे म्हणून विचारायला सवड कोणाला असते?

व्हर्नाला होती. जन्मभर शाळेची बस चालवून ती नुकतीच घरी बसली होती, आणि घरी बसणं तिला जमत नव्हतं. रोज सकाळी कॉफी झाली की रबरी बूट चढवून ती बांधाच्या पायथ्याने चालायची. कुठे गवत उगाच जास्त हिरवं दिसलं की थांबायची, टाचेने दाबून बघायची. पाणी पाझरलं तर वाकून रंग बघायची. पाणी नितळ असलं तर ठीक, जुन्या बांधाला थोडा घाम यायचाच. गढूळ आलं तर बांध आतून माती ओकतोय म्हणून समजायचं. बांधावर उगवलेली झाडं तिने मुळं धरायच्या आत उपटली. पाण्यातल्या घुशींनी केलेली बिळं चिकणमाती ठासून बुजवली. शेजारणी म्हणायच्या, "व्हर्ना, एवढी सेवा नवऱ्याची केली असतीस तर." ती म्हणायची, "नवरा फुटला तर खालची घरं वाहून जात नाहीत."

नवरा म्हणजे ऑर्विल. धान्याच्या पत्र्याच्या कोठारांना जोड मारण्यात त्याची हयात गेली. हात सोन्याचा, पण स्वभाव लोखंडाचा. आणि या गोष्टीतलं घोडं पेंड खातं ते त्याच्यापाशीच.

तळ्यात पाणगवत फार माजायचं, म्हणून लोकांनी गवत खाणारे मोठाले मासे आणून सोडले होते. गवत्या मासेच ते. मासे इमानाने गवत खायचे, पण पाऊस जोराचा झाला की सांडव्यावरून जादा पाण्याबरोबर उड्या मारून पसार व्हायचे. लोक हळहळायचे. तेव्हा ऑर्विलने आपल्या हाताने सांडव्याच्या तोंडाला लोखंडी जाळी करून बसवली. नुसत्या सळया नाहीत, वर लोखंडाचे मासे, एकामागे एक पोहत चाललेले, अंगावर खवलं कोरलेले. मासे जायचे थांबले. लग्न ठरलेली पोरं-पोरी जाळीपुढे उभं राहून फोटो काढायला लागली. ऑर्विलची छाती जी फुगली ती फुगलेलीच राहिली.

मग उन्हाळ्यात सरकारकडून बांध तपासायला एक तरणी मुलगी आली. गुडघाभर चिखलात उतरून तिने सगळं बघितलं, व्हर्नाच्या बुजवलेल्या बिळांना शाबासकी दिली. सांडव्यापाशी आली आणि जाळीवर हात ठेवून म्हणाली, "सुंदर आहे. काढावी लागेल. वसंतापर्यंत."

व्हर्नाला फार समजावून सांगावं लागलं नाही. घरी येऊन तिने ऑर्विलपुढे मक्याचा पाव ठेवला आणि सरळ विषय काढला.

"ती पोर म्हणते, पाचोळा जाळीला बसला की सांडवा बंद. सांडवा बंद झाला की पाणी बांधावरून जाणार, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो लोण्यासारखा कापला जातो."

"ती पोर जन्मायच्या आधीपासून मी लोखंड जोडतोय."

"जाळी तुटेल असं कोण म्हणतंय? तुटत नाही हेच तर दुखणं आहे."

"इतकी वर्षं काय झालं?"

"माझ्या बसला मागे संकटात बाहेर पडायचं दार होतं, ऑर्विल. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा उघडावं लागलं नाही. म्हणून मी त्यापुढे कधी एक दप्तर ठेवू दिलं का?"

ऑर्विलने पावाला लोणी लावलं. लावतच राहिला. लोणी पावापेक्षा जाड झालं.

गोष्ट सभेत गेली. मासे धरणारे सगळे ऑर्विलच्या बाजूने. "मासे गेले तर गवत तू उपटणार का, व्हर्ना?" असं कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. हात वर झाले. वसंतापर्यंत मुदत आहे ना, मग तोवर जाळी राहू दे, असं ठरलं. व्हर्ना हरली, पण तिचा चेहरा काही पडला नाही. तिने उठून एवढंच सांगितलं, "राहू दे. पण पाऊस लागला की जाळी साफ ठेवायची कोणी? ज्याची जाळी त्याने. मी बांध बघते, ऑर्विल जाळी बघेल." आता नाही कसं म्हणणार? ऑर्विल हो म्हणाला. भर सभेत म्हणाला.

त्या उन्हाळ्यात आलेल्या दोन मोठ्या पावसांत त्याने शब्द पाळला. सांडव्यावरच्या लाकडी पुलावर उभा राहून लांब दांड्याच्या दंताळ्याने पाचोळा ओढायचा, आणि घरी येऊन म्हणायचा, "बघ, काही झालं का?" व्हर्ना म्हणायची, "सूप घे गरम."

तिसरा पाऊस पानगळीत आला. ओक, मेपल, सगळी झाडं एकदम अंगावरचं उतरवायच्या बेतात होती आणि त्यातच पावसाची झोड उठली. सकाळपासून ऑर्विल पुलावर. एक घास ओढून काढावा तोवर दोन घास येऊन बसायचे. जाळीवरचे लोखंडी मासे पानांच्या राबड्यात बुडून गेले. व्हर्ना पायथा बघून वर आली, मग बांधाच्या माथ्याने गेली. मासे धरणाऱ्यांच्या गाड्यांनी मधोमध माथा दबून तिथे खोलगट झालं होतं. ते भरून काढायची माती पुढच्या महिन्यात यायची होती. पाणी त्या खोलगटापासून वीतभर खाली होतं.

तिने तिथूनच ट्वायला प्रुएटला फोन लावला. ट्वायलाचं घर बांधाच्या बरोबर खाली, ओढ्याकाठी. घरात अंथरुणाला खिळलेली आई.

"ट्वायला, आईला गाडीत घाल आणि बहिणीकडे जा."

"व्हर्नाबाई, फुटतोय का बांध?"

"नाही फुटत. आम्ही नाही फुटू देणार. पण तू जा."

"माझ्या कोंबड्या?"

"कोंबड्यांना उडता येतं थोडंफार. तुझ्या आईला येत नाही. निघ."

मग ती पुलापाशी आली. ऑर्विल भिजून चिंब, तरी ओढत होता.

"किती आहे?" त्याने मान न वळवता विचारलं.

"वीतभर. ट्वायलाला जायला सांगितलंय."

ऑर्विलचे हात थांबले. "म्हातारीला घेऊन? या पावसात?"

"हो."

तो जाळीकडे बघत राहिला. ऑर्विलने दंताळं तिच्या हातात दिलं आणि काठावरच्या शेडकडे चालू लागला.

शेडमधून तो ट्रॅक्टर घेऊन आला. काठावरच्या घट्ट जमिनीवर उभा केला, साखळी काढली, पुलावर पालथा पडून आकडा जाळीच्या वरच्या दांड्यात अडकवला. "पुलावरून उतर," तो म्हणाला, "आणि लांब उभी राहा." ट्रॅक्टर गुरगुरला. साखळी ताणली गेली. जाळी हलेना. कामच तसं चोख केलेलं होतं. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा काँक्रीटमधला एक बोल्ट निघाला, मग दुसरा, आणि अख्खी जाळी पाचोळ्याच्या ढिगासकट वाकडी होऊन काठावर ओढली गेली. कोंडलेलं पाणी सांडव्यातून असं सुटलं की पायाखालची जमीन घुमली.

व्हर्ना बांधाच्या माथ्यावर गेली आणि तिथेच उभी राहिली. पाणी वीतभरावर होतं ते हळूहळू हातभर खाली गेलं. तेव्हा तिने ट्वायलाला पुन्हा फोन केला.

मासे गेले. पाण्याबरोबर एकेक मोठं धूड पाठ चमकवत सांडव्यावरून गेलं, आणि ऑर्विल टोपी हातात घेऊन बघत उभा राहिला.

"तो जो गेला ना," तो म्हणाला, "तो सगळ्यात जुना."

"ओळखीचा होता?"

"तोंडओळख होती."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ट्वायला आईला घेऊन परतली तर अंगणाजवळच्या ओढ्यात ऑर्विल कमरेपर्यंत पाण्यात, हातात जाळं, काठावर पाण्याने भरलेली पिंपं. ती गाडीतूनच म्हणाली, "माझ्या जागेत मासे धरताय, परवाना आहे का?" ऑर्विल म्हणाला, "हे माझे पाहुणे आहेत, परत न्यायला आलोय." मग ट्वायलाही बूट घालून उतरली. दोघांना मिळून जेमतेम पाच-सहा सापडले. बाकीचे कुठे गेले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पुढच्या वसंतात ती सरकारी मुलगी आली, मोकळा सांडवा नि भरून काढलेला माथा बघून गेली. सभेत कोणीतरी बारीक जाळीची टूम काढली. व्हर्नाने तोंड उघडायच्या आत ऑर्विल उठला. म्हणाला, "मी केली होती तिच्यापेक्षा चांगली कोणी करणार नाही, आणि तीसुद्धा नको होती." आणि बसला.

उन्हाळ्यात पाणगवत माजायचं ते माजलंच. मासे धरणारे कुरकुरत व्हर्नाच्या दारात आले, गळ गवतात अडकतात म्हणून. तिने ओसरीवर उभी केलेली नवी दंताळी दाखवली. "एकेक घ्या. ऑर्विल पहाटेच पाण्यात उतरलाय, त्याला सोबत होईल."

एकाने विचारलं, "आणि तू?"

"मला बांध आहे," म्हणाली, आणि बुटात पाय घातले.