धानाच्या ढोलीचे स्वप्न

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी प्रताप नगरकडच्या त्या स्वस्त गेस्ट हाऊसची खोली मला अजून झोपेत दिसते. उन्हाळ्यातली सकाळ, खिडकीत घरघरणारा कूलर, ओल्या वाळ्याचा वास आणि पलंगाच्या कडेला अवघडून बसलेली एक आई. प्रकरण म्हणाल तर साध्या चोरीचे होते.

कुहीकडच्या एका खेड्यातून मायलेकी आदल्या संध्याकाळी तिथे मुक्कामाला आल्या होत्या. मुलीला मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत सकाळी अकराला रुजू व्हायचे होते. सोबत मूळ कागदपत्रांची फाइल होती. उठून पाहतात तर फाइल गायब. मूळ कागद नसतील तर नेमणूक रद्द, असे कंपनीने आधीच कळवलेले. ठाण्यात अंमलदार फिर्याद लिहून घेत होता आणि मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

तेवढ्यात खबऱ्याचा निरोप आला. समोरच्या चहाटपरीवरून त्याने पहाटे गेस्ट हाऊसच्या मॅनेजरला त्याच खोलीच्या दाराशी घुटमळताना पाहिले होते. मॅनेजरला ठाण्यात आणले. पन्नाशीचा माणूस, घाम पुसून पुसून रुमाल भिजलेला. दाराच्या आतल्या कडीचा विषय निघाला की तो गप्प व्हायचा. आमच्या हवालदाराला तेवढे पुरे होते, मला नव्हते. माणूस चोरी लपवतो तसा आळसही लपवतो, आणि दोन्ही वेळा चेहरा सारखाच पडतो. खोदून विचारल्यावर तो बोलला. कडी कधीचीच तुटली होती, ती दुरुस्त न करता त्याने खोली दिली होती. पहाटे तो आला होता कूलरमध्ये पाणी भरायला.

मायलेकींना घेऊन मी खोलीवर गेलो. रात्र कशी गेली, ते सविस्तर विचारले. मुलगी वैतागून सांगू लागली. उकाडा, डास, कूलरची घरघर. गादी आधी बरी होती, पण मध्येच केव्हातरी पाठीला काहीतरी टोचायला लागले ते सकाळपर्यंत. आईचा जीव कडीपायी टांगणीला लागला होता. ती फाइल छातीशी धरून बसून राहिली, आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला.

"मले सपन पडलं साहेब," ती लाजत म्हणाली. "मी घरीच होती. चोर येऊन राहिले म्हणून ढोलीतल्या धानात फाइल खुपसून राहिली होती. धान लय मऊ लागलं हाताले."

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. घरातली मोलाची वस्तू धानात दडवायची, हीच तिकडची पिढीजात तिजोरी. हवालदार हसला. मी मात्र तिच्या हातांकडे बघत राहिलो. सांगता सांगता ते हात हवेत धान बाजूला सारत होते. कूलरच्या वाऱ्यात क्षणभर मलाही नव्या धानाचा वास आला. आपण जागे आहोत की नाही, असे वाटून गेले.

पंचांसमोर मी गादी उलटवली. कडेची शिवण हातभर उसवलेली, आत फोमचा चुरा. त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फाइलचा कडक कोपरा बोटांना लागला. "काखेत कळसा," हवालदार पुटपुटला.

आई फाइल पोटाशी धरून खाली बसली. आपल्याच हाताने पोरीचा घात करत होतो, असे म्हणत ती रडू लागली. मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली.

"काहून रडून राहिली वं आई? मी त बिनघोर आडवी झाली होती. तू झोपेतबी राखण केली."

मला भरून आले, हे सांगायला आता संकोच वाटत नाही. मॅनेजरला सोडले आणि आधी कडी बसव म्हणून दम दिला. मायलेकींना आमच्याच जीपने मिहानला पोचवले, अकराच्या आत.

तपासात आम्ही माणसाच्या जागेपणीचा माग काढतो. त्या दिवसापासून मी फिर्यादीची झोपही विचारू लागलो, आणि कोणी स्वप्न सांगू लागले तर त्याला मध्येच तोडले नाही. जीव लावलेल्या माणसाची काळजी झोपेतही हात चालवते, हे मला त्या बाईने शिकवले. त्या दिवशी मुलगी कंपनीच्या फाटकातून आत गेली तशी ती बाहेरच्या कडुलिंबाला टेकली आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे टाकून गाढ झोपी गेली. पोरगी बाहेर येईपर्यंत मी तिला कोणाला उठवू दिले नाही.