पोस्टाची तुळई

आमच्या गावचं पोस्ट निजामाच्या काळातलं. काळ्या दगडाच्या कमानी, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, वर सागवानी तुळया. वडील तिथं पोस्टमास्तर होते. मधल्या तुळईला वाळवी लागली, तेव्हा त्यांनी तपासणीला आलेल्या साहेबांना ती दाखवली. "जुनं सागवान आहे, काही होत नाही," म्हणून साहेब निघून गेले. मग वडिलांनी लोकांची रांग बाहेर व्हरांड्यात लावली. स्वतः मात्र आतच बसत राहिले.

गेल्या पावसाळ्यात भरदुपारी तुळई त्यांच्यावर कोसळली. नांदेडला नेताना गाडीत ते एकच विचारत होते, "भायेर कुणाला लागलं का?"

"न्हाई, बाबा," मी सांगत होते.

संध्याकाळी ते गेले. बाजाराच्या वाटेवरची ती जुनी इमारत बंद आहे, पोस्ट आता भाड्याच्या गाळ्यात आहे. आई बाजाराला मागच्या गल्लीनं जाते.