पावाच्या टेम्पोतले रविवार

आमच्या रविवारच्या टोळक्यातलं कोणीही भेटलं, की पहिली पाच मिनिटं ‘तब्येत काय म्हणते’ वगैरे होतं आणि मग गाडी घसरतेच! सांगून सांगून किस्से संपायला हवेत ना? इथे उलटंच. एक काढला की त्याला चिकटून दुसरा निघतो, दमट पापडांसारखा.

ही पार्ल्यातली गोष्ट, सत्तर सालच्या आसपासची. टोळकं म्हणजे मी, माझा धाकटा दीर मधू आणि मागच्या गावठाणातला फ्रान्सिस. फ्रान्सिस एका बेकरीचा टेम्पो चालवायचा. रविवारी दुपारी तो रिकामा असे. त्यात वेताच्या खुर्च्या दोरीने बांधायच्या आणि ज्यांना जिना उतरवत नाही त्यांना फिरवून आणायचं, एवढाच आमचा उद्योग. ठरलेली मंडळी तीन. आमच्या शेजारच्या काशीआजी, खुबा मोडल्यापासून घरातच. एक बाजू लुळी पडलेले नाना, रिटायर्ड हेडमास्तर. आणि फ्रान्सिसची आई मारियाबाय, गुडघे साफ गेलेली. टेम्पोत शिरलं की पावाचा असा वास, की नाना म्हणायचे, ‘‘आधी चहा आणा!’’

*

काशीआजी दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या रविवारी मधू आणि फ्रान्सिसने त्यांना खुर्चीसकट उचललं, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. ना वर, ना खाली! तीही नेमकी सबनीस वहिनींच्या दारात. आजींच्या ओल्या साड्यांचं पाणी वहिनींच्या लोणच्याच्या बरणीत ठिबकलं होतं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

गडबड ऐकून वहिनींनी दार उघडलं. नाकासमोर आजी!

मधूच्या हाताला कळ लागलेली. शेवटी आजीच म्हणाल्या, ‘‘लोणचं कसं झालंय गं यंदा?’’

‘‘पाणचट!’’

दोघी अशा काही हसत सुटल्या की खुर्ची गदागदा हलायला लागली. आम्ही ओरडतोय, ‘‘आजी, हसू नका, पडाल!’’ आणि त्या हलण्यानेच ती सुटली!

*

नानांना जुहूला पाण्यात पाय बुडवायचे होते. आजारापासून त्यांचं बोलणं सावकाश झालं होतं, जीभ मात्र तीच. ओहोटीची वेळ. मधू-फ्रान्सिस खुर्ची उचलून वाळूतून चाललेत आणि नाना हात उंच करून ‘‘पुढे! अजून पुढे!’’ करतायत. लांबून बघणाऱ्याला काय वाटणार? शिट्टी मारत हवालदार धावला. ‘‘ए! म्हाताऱ्याला कुठे टाकताय रे?’’

फ्रान्सिसची तर वाटच लागली. हवालदार नानांजवळ वाकला. ‘‘बाबा, घाबरू नका. हे लोक त्रास देतायत काय तुम्हाला?’’

नाना एकेक शब्द जुळवत म्हणाले, ‘‘हो... मला परत... घरी नेणार म्हणतात!’’

हवालदाराने शिट्टी खिशात टाकली, चपला काढल्या आणि खुर्चीला तिसरा हात लावला.

*

नानांचा मुलगा शरद मोठा साहेब. त्याला हे मुळीच पसंत नव्हतं. ‘‘कुठे पडले-बिडले तर जबाबदार कोण?’’ नाना ऐकेनात, तेव्हा एका रविवारी लक्ष ठेवायला स्वतःच आला. परत येताना नेमकी फ्रान्सिसची पाठ धरली. मग शरदनेच वडिलांना पाठुंगळी घेतलं आणि जिना चढायला लागला. निम्म्यात थांबला. ‘‘नाना, किती हलके झालात हो...’’

नाना त्याच्या कानाशी म्हणाले, ‘‘तू लहानपणी... भलताच जड होतास. मी कधी... बोललो?’’

पुढच्या रविवारी बाह्या दुमडून शरद आमच्या आधी हजर!

*

पवईच्या तळ्यावर मारियाबाय गळ टाकून बसायची. एकदा तिला डुलकी लागली, म्हणून दोरी जरा वेळ काशीआजींच्या हातात दिली. आजींनी जन्मात मासळीला बोट लावलेलं नाही. आणि तेव्हाच हिसका बसला!

‘‘अगं मारिया, हा ओढतोय मला! ऊठ!’’

‘‘सोड दोरी, काशीबाय!’’

‘‘सोडते कशी? माझ्याकडे आलाय तो!’’

मी त्यांची कंबर धरली, मधूने खुर्ची धरली आणि मासा बाहेर आला. आजींनी डोळे गच्च मिटून घेतले. ‘‘सोडा रे त्याला, पाप लागेल!’’ फ्रान्सिस सोडायला वाकला, तर म्हणतात, ‘‘थांब! आधी सांग, केवढा होता?’’

*

आणि एका रविवारी काशीआजी म्हणाल्या, ‘‘आज लांब नको. मला समोरच्या फुटपाथवर ठेवा.’’

ठेवलं. आजी मान वर करून आपल्याच खिडकीकडे बघत बसल्या. एरवी दिवसभर त्या तिथे बसायच्या आणि खालून जाणारा प्रत्येक जण हात करून विचारायचा, ‘‘काय काशीआजी, बसलात का?’’

थोड्या वेळाने मला म्हणाल्या, ‘‘सुधा, तू जरा वर जा गं. माझ्या खिडकीत बस.’’

मी गेले. बसले. खाली आजी, मागे टेम्पो, टेम्पोतून नाना आणि मारियाबाय डोकावतायत. आजींनी पदर सावरला, हात उंच केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, ‘‘काय काशीआजी, बसलात का?’’

मी नुसताच हात हलवला.

आजींनीही हलवला. मग मधूकडे वळून म्हणाल्या, ‘‘चल रे, उचल मला. ती बसू दे तिथे. आपण जाऊन येऊ जुहूला!’’

आणि खरंच गेले हो सगळे!