नकार आमचा नाही

"श्रीमंतांचे रोग आता पाड्यावरपण यायला लागले का?"

साहेब हे आमच्याकडे बघून बोललाच नाही. शेजारच्या क्लार्ककडे बघून बोलला. क्लार्क हसला. बाबाही हसले. साहेब हसला की हसायचं, ही त्यांची सवय. मी नाही हसले.

दोन हजार एकोणीस साल. डहाणूतली सरकारी कचेरी. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरून सकाळच्या एसटीने आलेलो आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि माझी दहा वर्षांची बहीण मंजू. तिच्या औषधासाठी सरकारकडे मदत मागितली होती. त्या अर्जाचं काय झालं, एवढंच विचारायचं होतं.

"हीच का ती?" साहेब म्हणाला.

मंजूने फ्रॉक वर केला. कोणी सांगितलं नव्हतं. फायलींच्या ढिगात, परक्या पुरुषांसमोर, पोरगी फुगलेलं पोट दाखवत उभी राहिली. लहानपणापासून जो आला त्याने तिचा फ्रॉक वर केला. नर्सबाईने, फोटो काढणाऱ्यांनी, पाहणीला आलेल्या पथकाने. तिला वाटतं, साहेबापुढे असंच उभं राहायचं असतं.

मी फ्रॉक खाली ओढला.

चौदा साली ती पाच वर्षांची होती. आमच्या भागात पोराचं पोट मोठं आणि हातपाय काड्या दिसले की पुढे कोणी तपासत नाही. कुपोषण. लिहिलं, संपलं. अंगणवाडीत सगळ्या बायांसमोर नर्सबाई आईला म्हणाली, "पोरं काढता, खायला कोण घालणार?" आईने मान खाली घातली. त्या दिवसापासून आपली अर्धी भाकर मंजूच्या ताटात. मंजू खायची. पोट वाढतच गेलं. नाकातून रक्त यायचं. हाडं दुखतात म्हणून रडायची.

आणि मी? मी पाड्यांवरच्या लोकांच्या संघटनेत नवी. पत्रकं लिहायला शिकत होते. भुकेवरच्या पत्रकात मी मंजूचंच उदाहरण घातलं. सभेत वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. आई मागे बसून ऐकत होती. नर्सबाईने केला तोच आरोप मी माइकवरून केला. हे मला अजून गिळता येत नाही.

सतरा साली मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. ही भूक नव्हेच, म्हणाल्या. गॉशर नावाचा दुर्मीळ आजार. शरीरात एक एन्झाइम कमी पडतं, त्यामुळे पोटातली प्लीहा फुगत जाते. औषध आहे. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून, जन्मभर. मिळालं तर पोरगी शाळेत जाईल. पण जमीन विकली, बैल विकले, तरी ते आमच्याने होणार नाही. सरकारी योजनेच्या यादीत हा आजार नाही. दिल्लीने दुर्मीळ आजारांसाठी धोरण काढलं आणि पुढच्याच वर्षी थांबवलं. धोरण थांबवता येतं. प्लीहा थांबत नाही.

"तू कार्यकर्ती ना?" साहेब मला म्हणाला. "मग तूच सांग. एका पोरीच्या औषधाच्या पैशांत तालुक्यातली सगळी पोरं बरी होतील. कोणाला देऊ?"

"तालुक्यातल्या पोरांना तरी देता का? आमच्या उपकेंद्रात तापाची गोळी नसते. मंजूचे वाचवलेले पैसे कुठल्या पोराला दिलेत, नाव सांगा."

साहेबाने क्लार्कला खूण केली. क्लार्कने बाबांपुढे शाईचा पॅड आणि टाइप केलेला कागद सरकवला. "इथे अंगठा दे. रूटीन आहे."

मी वाचला. 'रुग्णाच्या नातेवाईकांनी पुढील उपचारास नकार दिला आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

आमच्याकडे हे नेहमीचं. गाडी नसते, खाट नसते, डॉक्टर नसतो. पालकांच्या नकाराचा कागद मात्र तयार असतो. उद्या पोर मेलं तर आईबापाने मारलं.

बाबांनी अंगठा पॅडवर टेकवलासुद्धा. "अंगठा दिला का काम पुढं जातं, बाय," मला म्हणाले. मी त्यांचा हात धरला. शाई माझ्या तळव्याला लागली.

"आम्ही नकार दिलेला नाही," मी म्हणाले. "तुम्ही देताय. तसं लिहा. सरकार औषध देणार नाही. खाली सही, नाव, हुद्दा."

"असं कोण लिहून देतं?" साहेब बाबांकडे वळला. "ए, पोरीला आवर. नायतर पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवीन."

बाबा घाबरले. माझ्या हातातून हात सोडवायला लागले. तेवढ्यात आई बोलली. कचेरीत आई कधी बोलत नाही.

"पोरीला उपाशी ठेवते, असं लिवलंत. मी ऐकून घेतलं. आता औषध नको बोलते, ते पण माझ्याच नावावर? नाय देणार अंगठा."

आम्ही तो कागद तसाच ठेवून निघालो.

औषध अजून मिळालेलं नाही. मंजूला आता उचलून न्यावं लागतं. पत्रकात केलेली चूक मी पत्रकातच कबूल केली, आईची माफी मागून. संघटनेचा वकील म्हणतो, सरकारचा लेखी नकार असेल तर कोर्टात आपली बाजू भक्कम होते. म्हणून दर सोमवारी मी त्या कचेरीत जाते. साहेब मीटिंगमध्ये असतो. मी व्हरांड्यात बसते. पाड्यापाड्यावर सांगत फिरते: न वाचता अंगठा देऊ नका, नकाराच्या कागदावर तर मुळीच नको.

औषध द्या. नसेल द्यायचं, तर स्वतःच्या नावाने नाही असं लिहून द्या. तो कागद मी घेणारच. आणि मंजू जिवंत असताना घेणार.